आईंचं वल्हं

ती. वन्सं यांना सादर नमस्कार.

तुमची सर्दी उतरली असेल आणि भाऊजींची पाठ जागेवर आली असेल, असं धरून चालते. इकडे आईंचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे, आणि हे पत्र गुडघ्यांबद्दलच आहे.

या गुडघ्यांपायीच रविवारी तुम्ही गाडी घेऊन येणार आणि आईंची कयाक, ती एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, तुमच्या गॅरेजात नेऊन ठेवणार. तोवर त्यांना नदीवर जाऊ द्यायचं नाही, ही कामगिरी तुम्ही माझ्यावर सोपवलीत. मी वल्हं न्हाणीघरावरच्या माळ्यावर लपवलं. (होडी लपण्यासारखी नाही. ती अजून बोळातच आहे. तुमचे बंधू चहाचा कप डोक्यावर धरून तिच्या शेजारून तिरके जातात आणि धक्का लागला तर तिची माफी मागतात. आईंनी निवृत्तीला घड्याळाऐवजी ही मागून घेतली, तेव्हाच तुम्ही म्हणाला होतात, हे थांबवायला हवं. तेव्हा सोपं होतं.) आईंनी वल्ह्याची चौकशीच केली नाही. आयुष्यभर शाळा चालवलेल्या बाई चौकशी करत नाहीत म्हटल्यावर मी सावध व्हायला हवं होतं. सकाळी खिडकीतून पाहिलं, तर शेजारचा सुतार होडी उतारावरून ओढत नेत होता आणि मागे आई, दोन्ही हातांत पातेल्यांची झाकणं. त्या झाकणांनी वल्हवत पलीकडे गेल्या, गळ टाकला, मासा धरला, सोडला, परत आल्या. मला एवढंच म्हणाल्या, "झाकणं घासून ठेव. मोठ्या झाकणाने होडी डावीकडे जाते."

दुसऱ्या दिवशी त्यांना समजवायला काठावर गेले. तुमचे मुद्दे पाठ होते. वल्हंही नेलं होतं, कारण झाकणांशिवाय स्वयंपाक होईना. मी तोंड उघडलं तशी आई म्हणाल्या, "उन्हात उभी काय राहतेस? बस." बसण्यासारखी होडीच होती. बसले. त्यांनी मला लाइफ जॅकेट घातलं, हातात गळाची काठी दिली, वल्हं स्वतःकडे ठेवलं आणि होडी ढकलली. (दुखऱ्या गुडघ्याने.) होडीला बांधलेला लांब दोर त्यांच्या हातात होता. मी पाण्याला इतकी टेकून कधी बसले नव्हते. घराकडे पाठ होती. कुणी हाक मारत नव्हतं. तेवढ्यात गळाला झटका बसला आणि होडी चालू लागली. वन्सं, मासा मला घेऊन निघाला होता. तो वळेल तिकडे होडीचं नाक वळायचं. लव्हाळ्यात गेलो, बाहेर आलो. मी किंचाळले. ज्यांचा आवाज शाळेच्या तिन्ही मजल्यांवर पोचायचा, त्या आई हळूच म्हणाल्या, "ओढू नकोस गं. त्याला कुठे जायचंय ते बघ तरी." मासा मला ओढत होता आणि आई आम्हा दोघांना. काठाशी आल्यावर दिसलं, तो माझ्या वितीएवढाही नव्हता. आईंनी हात ओले केले, गळ सोडवला आणि त्याला म्हणाल्या, "जा. धावू नकोस."

मग त्या स्वतः बसल्या. जमिनीवर त्या भिंत धरून चालतात, ते तुम्ही पाहिलंय. पाण्यावर पाहिलेलं नाही. तिथे त्या कशालाच धरत नाहीत. कमरेतून जरा वळल्या की होडी वळते. धारेच्या कडेला नेऊन ती अशी उभी करतात, की बगळासुद्धा जागचा हलत नाही. परतल्यावर मी गुडघ्यांचं विचारलं. "बसल्यावर गुडघ्यांना कोण विचारतं?" म्हणाल्या. तुमच्या मुद्द्यांत याला उत्तर नव्हतं.

बाकी भेटीत. रागवा, पण लोभही असू द्या.

तुमची
भावजय

ता. क. : रविवारी नक्की या. होडी न्यायला गाडीच्या टपावर कॅरिअर लावणार होतात, तो लावूनच या. सुताराच्या ओळखीत एकजण आपली जुनी कयाक देतोय. ती आणायची आहे. माझ्यासाठी.

आणखी ता. क. : पत्र आईंनी वाचलं. "लपवलं"खाली लाल रेघ मारली आहे. तुम्हाला निरोप आहे : जुने कपडे घालून ये, आणि मुद्दे होडीत बसून सांग.