मामांचं भरदार तेल आणि माझा बिघडलेला हात

तीर्थस्वरूप मोठ्या मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? पडद्यांच्या दुकानात गर्दी असेल आणि तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याला हवा होता त्याहून जाड पडदा विकत असाल, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक आहेत. गाडी सोडून. आणि बाबांच्या मते, मला सोडून.

गाडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिच्या सध्याच्या प्रकृतीत तुमचा मोठा वाटा आहे. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा गिअरबॉक्सचं तेल बदलायचा विषय निघाला होता. मीही तिथेच बसले होते. (मी गिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेलं तपासते. तुम्ही माझी ओळख ‘ही तेलाचं काहीतरी करते’ अशी करून देता आणि समोरचा माणूस मला खायच्या तेलाचा भाव विचारतो.) मी म्हटलं, गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिलंय, पातळ प्रतीचं, तेच आणू. बाबांनी मान डोलावली आणि तुमच्याकडे वळून विचारलं, “तुम्ही काय म्हणता?” तुम्ही म्हणालात, “अहो, बाजारात पाच आलंय! पोरीची गाडी आहे, चारावर कशाला भागवता?” झालं. माझं म्हणणं पाहुण्यांपुढे ठेवलेल्या पाण्याच्या ग्लाससारखं तिथेच राहिलं, कोणी हातही लावला नाही.

मग तुम्ही स्वतः जाऊन जीएल-५ चा पाच लिटरचा डबा आणलात, तोही दुकानातला सगळ्यात जाड. घरी डबा उघडून तेल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलंत, डोळे मिटून चोळलंत आणि म्हणालात, “पोत बघा. भरदार आहे.” मामा, तुमच्या चिमटीबद्दल मला आदर आहे. कापडात ती कधी चुकलेली मी पाहिली नाही. पण आमच्या प्रयोगशाळेत हे काम करायला एक अख्खी खोली भरून यंत्रं आहेत आणि त्यांतलं एकही डोळे मिटत नाही.

जीएलपुढचे हे आकडे म्हणजे शाळेतल्या इयत्ता नव्हेत, की पाचवीतल्याला चौथीतल्यापेक्षा जास्त कळावं. ती दोन वेगळ्या कामांची तेलं आहेत. पाच नंबरचं तेल मुख्यतः मागच्या चाकांच्या आसासाठी, जिथे गिअरचे दात एकमेकांवर जबर दाबाने घासतात. आपल्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या आहेत. दोन गिअर एकमेकांत अडकण्याआधी त्यांचा वेग जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम, आणि ते त्या घासूनच करतात. (थोडक्यात, भांडणाऱ्या दोघांमध्ये पडून एकाला आवरणारा आणि दुसऱ्याला पुढे ढकलणारा माणूस. त्याच्या हातांना साबण लावला तर तो कोणालाच धरू शकणार नाही.) तुमच्या तेलात त्या कड्यांची पकड सुटते. शिवाय अशा काही तेलांतली रसायनं पितळ हळूहळू खातात. आणि ते इतकं जाड, की सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकायला माझ्याबरोबर आणखी कोणी जोर लावला तर बरं, असं वाटतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी तेल भरणाऱ्या मेकॅनिकला विचारलं. त्याला आम्ही घरात ‘होसाहेब’ म्हणतो. मी त्याला म्हटलं, “हे या गाडीचं तेल नाही ना?” तो म्हणाला, “हो मॅडम, नाहीच.” बाबा म्हणाले, “पण पाच म्हणजे वरचा माल ना?” तो म्हणाला, “हो साहेब, वरचाच.” आणि वरचा माल आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून गिअर टाकला की गाडी दातओठ खाते. हा आवाज समोरच्या इमारतीत जातो, कारण तिथल्या बाल्कनीतून एक आजोबा रोज मला हाताने ‘हळू, हळू’ अशी खूण करतात. बाबांनी शेजारी बसून एक फेरी मारली, डोळे बारीक केले आणि निदान केलं, “तुझा हात बिघडलाय.” (त्यांनी स्वतः चालवली तेव्हाही तसाच आवाज आला. त्यावर म्हणाले, “बघ, तू लावलेली सवय.”) आई म्हणाली, “अहो, तेल बदलल्यावरच झालं ना हे?” तर म्हणाले, “तेल माझ्या मेहुण्याने आणलंय!” तुम्ही आईचेच भाऊ. पण हे वाक्य ऐकून तीही माझ्या हाताकडे बघायला लागली.

आता खरी अडचण. आमची प्रयोगशाळा गावाबाहेर गेली आहे. तिथे बस जात नाही. सोमवारपासून मी गाडी घेऊन जाणार असं ठरलं होतं, पण बिघडलेल्या हातात बाबा किल्ली देणार नाहीत. त्यांनी तोडगा काढला आहे. ते स्वतः मला रोज सोडतील आणि संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या फाटकाशी गाडीत बसून राहतील, जेवणाच्या डब्यासकट. मी तिथे विभागप्रमुख म्हणून रुजू होते आहे.

मामींना नमस्कार. गुडघा जपा.

तुमची,
भाची

ता. क. तक्रार म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. बाबांना फक्त एक फोन करा आणि ‘मी अजून विचार केला, या गाडीला चारच बरं’ एवढंच म्हणा. विचार तुमचाच, श्रेय तुमचंच. मी कुठे काही बोलणार नाही.

ता. क. २ फोन करू नका. शनिवारी आईकडून किल्ली घेतली आणि कारखान्यात गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा आहे, तिथे गाडी नेऊन तेल बदललं. जीएल-४, पातळ. आता गिअर आवाज न करता पडतात. घरी आल्यावर ‘तेल बदललं’ असं बाबांना स्पष्ट सांगितलं. ते पेपर वाचत होते, “हं” म्हणाले. मग एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “बघितलंस? मामांचं तेल मुरायला वेळ लागतो.” किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वर हात कसा हलका ठेवायचा, तेही शिकवलं. मी ऐकून घेतलं.

ता. क. ३ फोन कराच, पण बाबांना नव्हे, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना. डब्यात उरलेलं तेल बाबांनी मोठ्या मनाने त्यांच्या गाडीत घालायला दिलं. आज सकाळपासून त्यांच्या बायकोचा हात बिघडलाय. मी वर जाऊन डॉक्टरांना कड्या, पितळ, पकड, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बाबा आहेत का घरी?”