बराबर म्हणजे कोणाच्या बराबर

तांडा, गोरेगावजवळ
११ जानेवारी २००४

प्रिय मिना,

घरात आपण आईला याडी म्हणतो, गोरमाटी बोलतो, पण ती लिहायची सवय मला नाही, म्हणून मराठीत लिहितो आहे. माझी शाळा सातवीपर्यंतची. चुका दिसल्या तर खुणा कर, पण मामाला दाखवू नकोस. नाहीतर तो हट्ट्याच्या बाजारात चार माणसांना सांगत सुटेल की आमच्या पाव्हण्याला, तांड्याच्या एवढ्या मोठ्या नायकाला, वेलांटी येत नाही.

दिवाळीत मी तुझं कॉलेज बंद केलं आणि तू न जेवता मामाकडे निघून गेलीस, त्याला अडीच महिने झाले. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख एकतीस जानेवारी. तुझ्या याडीने ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाने गोल करून ठेवली आहे, आणि गोल इतका जाड काढलाय की शेजारची तीस तारीखही त्यात गेली. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. कामापुरतं म्हणजे "ताट वाढलंय" एवढंच. तुझा भाऊ ओमप्रकाश हिंगोलीला आहे. डिप्लोमाचं पहिलं वर्ष तिसऱ्यांदा देतोय. तब्येत चांगली आहे.

त्या दिवशीचं भांडण तुला पाठ असेल, तरी माझ्या बाजूने एकदा सांगतो. टेकडीवरची चराईबंदी माझीच. नवी झाडं शेळ्या टिकू देत नव्हत्या, म्हणून मी नियम केला की ज्याच्या शेळ्या वर सापडतील त्याने त्या पंधरा दिवस दावणीला बांधायच्या आणि पाला तोडून आणून खाऊ घालायचा. पहिल्या सापडल्या नीलाबाईच्या. एकटी बाई, पंधरा दिवस डोक्यावर भारे वाहून तिची मान धरली. पुढच्या महिन्यात तुझ्या धनसिंगकाकाच्या सापडल्या. मी म्हणालो, अजाणता झालं, जाऊ द्या. बैठक म्हणाली, "बराबर." आणि दिवाळीत तू त्याच बैठकीत उभी राहून तीन बोटं दाखवलीस. कायदा करणारे एक, राबवणारे दुसरे, न्याय करणारे तिसरे. "बा, तुमी तिन्ही बोटं एका मुठीत धरून राहिलात, म्हणून काकाच्या शेळ्या मोकळ्या." माझ्या बापानेही तिन्ही कामं केली होती आणि तांड्याचं काही बिघडलं नव्हतं, असं मी सांगितलं. तू म्हणालीस, बिघडलं की नाही हे नीलाबाईच्या सासूला विचारलं होतं का. मला राग आला. खरं तर उत्तर सुचलं नाही म्हणून राग आला. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मिनाचं कॉलेज बंद. बैठक त्यालाही म्हणाली, "बराबर."

मग डिसेंबरात आपल्याच शेळ्या टेकडीवर सापडल्या. याडी म्हणते दोर सुटला. दोर मी पाहिला आहे. तो सुटलेला नव्हता, सोडलेला होता.

बैठक भरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण न्याय करणारा मीच आणि शेळ्याही माझ्याच. मी घसा साफ केला आणि म्हणालो की अजाणता झालं, जाऊ द्या. "बराबर," मंडळी म्हणाली. तेवढ्यात मागून नीलाबाई उठली. तिला बैठकीत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नायक, बराबर म्हंजे कोणाच्या बराबर? धनसिंगच्या का माझ्या?" आपल्याकडे ठीक असलेल्यालाही बराबर म्हणतात आणि सारखं असलेल्यालाही. वीस वर्षं मी त्यातला माझ्या सोयीचा अर्थ ऐकत आलो होतो.

तू फडताळात टाकून गेलेलं पहिल्या वर्षाचं राज्यघटनेचं पुस्तक मी खाली काढलं. रोज दुपारी लिंबाखाली बसून वाचलं, एका पानाला एक दुपार. चौदाव्या कलमाशी तू पेन्सिलीने "नायक?" असं लिहून ठेवलंयस, ते पाहिलं. खोडलेलं नाही. पण मला अडकवलं त्याच्या पुढच्या पानाने. मला वाटलं होतं की समानता म्हणजे सगळ्यांना एकाच काठीने हाकायचं. पुस्तक म्हणतं, फरक करता येतो, पण त्या फरकाचं कारण नियमाच्या कामाशी जुळलं पाहिजे. धनसिंग माझा भाऊ आहे, हे खरं. पण त्याच्या शेळ्या भावाच्या म्हणून झाडं कमी खातात का? मी खूप विचार केला, मिना, आणि मला ते कुठेच जुळवता आलं नाही.

या महिन्याच्या दोन तारखेला मी पुन्हा बैठक बोलावली. सांगितलं, यापुढे नियम सगळा तांडा करेल आणि बाया मागे नाही, पुढे बसतील. राबवायचं काम माझं. न्याय तीन पंच करतील, अमृतराव, भिकाबाई आणि शाळेचे गुरुजी, आणि त्यांच्यापुढे मी इतरांसारखाच उभा राहीन. धनसिंग म्हणाला, "दादा, मग नायक काहून म्हनायचं तुमाला?" मी म्हणालो, तुझ्या शेळ्या बांधायला येईन तेव्हा कळेल. पहिला निकाल माझ्याच विरुद्ध लागला. आज नववा दिवस आहे. सुबाभळीचा पाला तोडून माझे हात सोलले आहेत आणि नीलाबाई येता-जाता विचारते, "मान कशी हाय, नायक?" खोटं कशाला सांगू, खुर्ची हलकी झाल्यासारखी वाटते. असा नायक या भागात दुसरा दाखव.

आता दुसऱ्या निकालाचं. माझ्या शेळ्यांचं आटोपलं तशी तुझी याडी उभी राहिली. मिराबाई फिर्यादी, वसराम नायक आरोपी. ओमच्या नापासाच्या दोन गुणपत्रिका आणि तुझी फर्स्ट क्लासची एक तिने पंचांपुढे ठेवली आणि विचारलं की पोरगी असण्याचं कारण पुस्तकाशी कुठं जुळतं. मला तिथेही जुळवता आलं नाही. निकाल असा की तुझं कॉलेज चालू, आणि नायकाने तसं स्वतःच्या हाताने पत्र लिहून कळवावं. म्हणून हे पत्र. शेळ्यांचे पंधरा दिवस सतरा तारखेला संपतात. अठराला मी एसटीने हट्ट्याला येतो, एकोणिसाला, सोमवारी, आपण तिथून नांदेडला तुझ्या कॉलेजात फॉर्म भरायला जाऊ. माफीचं मात्र हुकुमात काही नाही. मी विचारलं, तर भिकाबाई म्हणाली, "ते आमच्या हातात न्हाई, नायक." तेव्हा इथपर्यंतचं पंचांनी सांगितलं म्हणून लिहिलं. पुढचं एक वाक्य मला कोणी सांगितलेलं नाही. माझं चुकलं, बाई.

तुझाच,
बा