मातोश्रींची तीस चित्रे

४ मार्च
नापास! आमच्या मातोश्री, वय एक्याऐंशी, जन्म-कर्म उत्तर इंग्लंडातले बार्न्सली, इंग्रजीत नापास — आणि तेही इंग्लंडात! मेंदूच्या झटक्यानंतर रुग्णालयाने घेतलेली परीक्षा: तीस चित्रे ओळखा. पंचवीस आली तर स्वगृही. न आली तर वृद्धाश्रम. आली एकोणीस.

परीक्षक मिस हॅरिएट, दक्षिण इंग्लंडच्या. त्यांचा ‘बाऽऽथ’ एवढा दीर्घ, की तेवढ्या अवधीत आमच्याकडे स्नान उरकून अंगही पुसून होते. बोळाचे चित्र दाखवले. आई आमच्या बार्न्सलीच्या बोलीत म्हणाली, “स्निकेट.” फुली! गोळ्या-चॉकलेटे — “स्पाइस.” फुली! गोल पाव — “ब्रेडकेक.”

“हा केक नव्हे, मिसेस हेप्टन.”

“मग काय खाऊन मोठी झालीस गं पोरी?”

फुली.

५ मार्च
सात पानी निषेधपत्र धाडले. ‘प्रादेशिक शब्दसंपदेचा संहार’ हा प्रयोग तीनदा योजला.

९ मार्च
उत्तर नाही. आईचा एकच धोशा — “मला त्या म्हाताऱ्यांच्यात नको रे टाकू.” अस्मादिकांनी आठवे पान लिहायला घेतले.

१२ मार्च
विजय! पत्र फळले, फेरपरीक्षा मिळाली; परीक्षक डोरीनबाई — आमच्याच मागच्या आळीतल्या. स्निकेट — बरोबर! स्पाइस — बरोबर! पण चोविसावर गाडी अडली. उरले शेवटचे चित्र: छत्री. आईने चित्र जवळ ओढले. मग ठामपणे म्हणाली, “टॅडल.”

डोरीनबाईंचे पेन थांबले. “क्लिफर्ड, हे कुठलं रे? मी तर जन्मात ऐकलं नाही.”

“डोंगरापलीकडच्या विणकरांचा प्राचीन शब्द,” अस्मादिक वदले. “आईच्या आजोळचा.”

“तुझं आपलं काहीतरीच!” — पण खूण बरोबरची केली. पंचवीस!

असा शब्द कोणत्याही डोंगरापलीकडे नाही. आईचे आजोळही तिकडचे नाही. एवढे लघु असत्य भाषाशास्त्र पोटात घालील.

१४ मार्च
आई घरी आली. स्वतःच्या खुर्चीत बसून दोन कप चहा प्याली. मग उठली, कोट चढवला, दारापाशी जाऊन मला म्हणाली —

“बराय, येते हं मी. चहा छान होता. घरी आमचा क्लिफर्ड एकटाच असेल.”