श्वासाच्या खुणा

सोमवार, ४

आज कामावर रुजू झालो. वही नवी, पेन नवे, चपला नव्या आणि नोकरीही नवी. एकाच दिवशी इतके नवेपण अंगाला सोसेल ना, अशी धास्ती वाटत होती, पण दिवस छान गेला.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीला मागच्या बाजूने नवा भाग जोडत आहेत. चाकाची खुर्ची वर जावी म्हणून पायऱ्यांशेजारी उतार बांधला आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्या पायाला कळावे म्हणून दारापासून टेबलापर्यंत फरशीत खरबरीत पट्टी बसवली आहे. मुलांच्या खोलीतली कपाटे इतकी बुटकी आहेत की मी वाकलो तर डोके आपटले. अंथरुणाला खिळलेल्यांना पुस्तके घरपोच मिळतात. आणि श्रवण विभाग आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे आणि त्यांनी ते फोनवर ऐकायचे. तो विभाग म्हणजे आता मी.

नववीत शाळा सोडलेल्याला हे काम मिळाले याचे श्रेय ताईचे. आईबाबा गेल्यावर तिने मला वाढवले, रोज शुद्धलेखन घातले आणि एका वेलांटीसाठी अख्खे पान पुन्हा लिहायला लावले. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. म्हणूनच मी तिच्याकडे राहायला आलो. भाऊजी म्हणाले, मजा आहे बुवा, बसून गोष्टी वाचायच्या आणि वर पगार! आम्ही गोष्टी वाचत बसलो की बाप काठी शोधायचा.

नोकरी तात्पुरती आहे. चोवीस तारखेला नव्या भागाचे उद्घाटन आहे. त्या दिवशी मी सर्वांसमोर वाचायचे आणि श्रोत्यांना रुचले तर कायम.

बुधवार, ६

ग्रंथपालबाईंनी आज कामाची रीत समजावली. माझ्या आधी इथे वाचनमामा होते. खरे नाव कुणी घेत नाही. आयुष्यभर ते जिन्याखालच्या खोलीत बसून वाचत राहिले. जिथे श्वास घ्यायचा तिथे ते शिसपेन्सिलीने बारीक टिंब काढत. अशी टिंबांनी भरलेली प्रत पुन्हा कुणाला देता येत नाही, म्हणून ती बाद व्हायची.

शेवटचे पुस्तक म्हणजे दोन भावांची कादंबरी. धाकटा रागावून घर सोडतो आणि थोरला वर्षानुवर्षे वाट पाहतो. एका दुपारी दार वाजते. “थोरल्याने दार उघडले आणि”, इथवर वाचून मामांनी पुस्तकावर मान टाकली. रेकॉर्डिंग तिथेच थांबले आहे. दारात कोण होते, असे विचारणारे फोन अजून येतात.

बाई म्हणाल्या, तू तिथूनच पुढे वाच. आधी सांग की इथवर मामांनी वाचलं, इथून पुढे मी. त्यांच्या वाचनाला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये, आपलं वाढून घ्यावं.

शनिवार, ९

स्वयंपाक करताना ताई मामांचे वाचन लावते. मला हे ठाऊक नव्हते. भाजी चिरता चिरता ती थांबते, मान कलती करते आणि हसते. त्या हसण्यात दात दिसत नाहीत, फक्त गाल वर जातात. लहानपणी माझ्या वहीत एकही चूक सापडली नाही की ती तशी हसायची.

जेवणे झाल्यावर तिला माझे वाचन ऐकवले. सरावासाठी त्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाची मी चांगली तयारी केली होती. ती म्हणाली, छोट्या, उच्चार स्वच्छ आहेत हो तुझे, पण तू वाचतोस की पाढे म्हणतोस रे? मग म्हणाली, मामांचं जरा लाव ना, झोप लागेल.

लावले. मेलेल्या माणसाने तिला झोपवले आणि मी भांडी विसळली.

मंगळवार, १२

नवी रेकॉर्डिंगची खोली पाहिली. समोर मोठी काच, मध्ये मामांचीच जुनी लाकडी खुर्ची. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंती दुहेरी केल्या आहेत. सुतार म्हणाला, पोकळीत भरायला महागडा कापूस सांगितला होता, पण बाईंनी डोकं चालवलं. मामांची बाद पुस्तकं पडून होती, तीच ठासली. पुस्तकासारखं दुसरं काही आवाज पीत नाही म्हणाला. वर हसून म्हणाला, चहूबाजूंनी मामाच आहेत तुमच्या, भाच्यांनी घाबरू नये.

मला भीती नाही वाटली, राग आला. इथेही तेच.

शुक्रवार, १५

दोन म्हाताऱ्या श्रोत्यांचे फोन मीच घेतले. नवा मुलगा कसा वाचतो, असे एकीने मलाच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, मामांची सर नाही येणार.

मी तिला वाचून दाखवलेले तेच प्रकरण ताई आज सकाळी मामांच्या आवाजात पुन्हा ऐकत होती. मी समोर उभा होतो, चहाचा कप घेऊन. तिला कळलेही नाही.

दुपारी बाई उताराचे काम पाहायला खाली गेल्या होत्या. मी मामांची ती कादंबरी यंत्रातून पुसली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या “आणि”पर्यंत. मग पहिल्या पानापासून स्वतः वाचायला बसलो. श्रोत्यांना सांगणार आहे की जुने रेकॉर्डिंग बिघडले. पुस्तक एक, आवाज एक. आता तो माझा.

पुसताना यंत्र जरा गरम झाले होते. बाकी काही नाही.

सोमवार, १८

केलेले वाचन तपासले. शब्द सगळे बरोबर आहेत, पण श्वास चुकतो आहे. मी स्वल्पविरामाशी थांबतो, तशी मला सवय आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी भलतीकडेच थांबतो, शब्दाच्या मध्ये, नावाच्या आधी. माझी प्रत कोरी करकरीत आहे. तिच्यात एकही टिंब नाही.

ताईला ऐकवले. तिने चाकू खाली ठेवला. म्हणाली, अरे, आज बरं वाचलंस की!

इतका आनंद झाला की श्वासाचे विसरलो.

बुधवार, २०

आज मी वाचत असताना भिंतीत पान उलटल्याचा आवाज आला. माझ्याकडचे पान उलटायला अजून चार ओळी होत्या. मी थांबलो. चार ओळी होतील इतका वेळ गेला आणि भिंतीत पुन्हा पान उलटले. तिकडे वाचन थांबले नव्हते.

संध्याकाळी ताई रेकॉर्डिंग ऐकताना हसली. तसे. गाल वर. मी दारात उभा राहून पाहिले. मग ती म्हणाली, काय सुंदर वाचतात मामा. मी म्हणालो, ताई, हा मी आहे. ती म्हणाली, चल, थट्टा नको करूस.

शुक्रवार, २२

दूधवाल्याला जिन्यावरून हाक मारली. त्याच्या हातातली किटली सांडली. म्हणाला, रोज फोनवर ऐकतो ना, वाटलं मामाच आले. मग माझ्याकडे बघून हसला, पण पुढच्या घरी पळतच गेला.

बाईंना सगळे सांगायचे ठरवून गेलो. पुसल्याचेही. तोंड उघडले. बाहेर आले ते कादंबरीतले वाक्य. बाई म्हणाल्या, वा, तयारी जोरात दिसते! पाठच केलंस की.

लिहिताना मात्र मीच आहे. वेलांट्या तपासल्या. माझ्याच आहेत.

शनिवार, २३

सुताराची पटाशी घेऊन खोलीतली एक फळी उचकटली. पुस्तके. टिंबेच टिंबे. पाने हलत होती, वर-खाली, छातीसारखी. कान लावला. आतून माझा आवाज आला — बारीक — पाढे म्हटल्यासारखा — “ताई, हा मी आहे.”

फळी परत ठोकली. पळून जाणार होतो. पिशवी भरली.

ताईने दारात अडवले. दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला, मग गळा. बोटे गळ्यावरच राहिली. म्हणाली, मामा, उद्या छोट्याला घेऊन या हं. फार मन लावून शिकतोय बिचारा.

पिशवी रिकामी केली. जाऊ कसा? एकदा तिने माझ्या आवाजाला तसे हसावे. एकदाच. उद्या सगळ्यांसमोर, पहिल्या शब्दापासून, माझ्या श्वासाने —

रविवार, २४

काचेच्या खोलीत आहे. वही टेबलाखाली, मांडीवर. तोंड वाचते आहे, दार वाजते ते प्रकरण. मी वाचत नाही.

बाहेर खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत ताई, तिला भाऊजींनी हात धरून आणले. बाई मान डोलावत आहेत. ओरडून पाहिले — ओरडणेही पुस्तकातलेच निघाले, थोरल्याचे, नेमके त्या जागी —

हेडफोनमधून बाहेरचे ऐकू येते. ताई शेजारणीला सांगते आहे, हा माझा छोट्या. मीच वाढवला. आला की नाही शेवटी वाचायला!

हसते आहे. तसेच. गाल —

माझे नाव घेऊन. हसणे मात्र मामांसाठी —

टाळ्या. भाऊजी डोळे पुसत आहेत —

डाव्या हाताने पान उलटले. मी नाही उलटले. उजवा अजून माझा — लिहितो आहे तोवर — ताई, काचेकडे नको, भिंतीकडे — मी भिंतीत —

तेच पान आले. मामा थांबले ते —

उजव्या हाताने टिंब काढले. मी नाही काढ —

थोरल्याने दार उघडले आणि