वाजतंय, म्हणजे असेल

आई, मी स्वयंपाकघरात चप्पल घालून बसले आहे. तू असतीस तर आधी चप्पल काढायला लावली असतीस आणि मग विचारलं असतंस, काय झालं म्हणून. तुझा क्रम ठरलेला असायचा. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझी नात तुझ्या फोटोला ‘त्या आजी’ म्हणते. ती आता लातूरला असते, आपल्याच लातूरला, क्लासच्या हॉस्टेलवर. डॉक्टर व्हायला पाठवली आहे. मी नांदेडला आहे आणि गेला आठवडाभर ती माझा फोन उचलत नाही. फोन वाजतो, शेवटपर्यंत वाजतो आणि बंद होतो. वाजणाऱ्या आणि न उचलल्या जाणाऱ्या फोनबद्दल मला तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येईल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

भूकंपाच्या सकाळची गोष्ट तुला सांगण्यात तसा अर्थ नाही, तू तिथंच होतीस. पण आपण दोघी त्यावर धड कधी बोललोच नाही. विसर्जन करून आलेली गल्ली जेमतेम झोपली होती, ती पहाटेच घराबाहेर येऊन उभी. बाबा तेव्हा भोकरला नोकरीला, सुट्टीपुरते यायचे. तुझी सकाळची ड्युटी होती. मला एकटीला घरात ठेवायची तुझी छाती होईना, म्हणून तू मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घेऊन गेलीस. म्हणजे एका छपराखालून काढून दुसऱ्या छपराखाली. मी तुझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले आहे. समोर परगावचे फोन जोडायचा दोऱ्यांचा तो जुना ट्रंक बोर्ड, तुझ्या कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. पुढच्या खिडकीशी माणसांची झुंबड आणि प्रत्येकाच्या तोंडी किल्लारीच्या बाजूचं कुठलं ना कुठलं गाव. डाळमिलमधला एक हमाल खिडकीतला फोन कानाशी घट्ट धरून उभा आहे. तो हसतो आहे. इतक्या माणसांत तो एकटाच हसतो आहे, म्हणून तो मला अजून आठवतो.

“बाई, वाजून राहिली हो,” तो म्हणाला. “लई येळची वाजून राहिली. म्हंजे घर हाय ना उभं?”

तू हेडफोन काढलास, खिडकीशी गेलीस आणि त्याला सांगितलंस, “दादा, ही घंटी इकडची हाय. आमच्या मशिनीतला आवाज हाय ह्यो. तिकडं वाजून राहिली का न्हाई, ते ह्याच्यातून कळत न्हाई. तार तुटली तरी तुमच्या कानात वाजतीच.” त्याचं हसू गेलं. त्यानं फोन ठेवला नाही, नुसता हात खाली घेतला. मागून साहेब म्हणाले, “बाई, वाजतंय तर वाजू द्या की. कशाला लोकांच्या तोंडचं पाणी पळवता?” तू म्हणालीस, “खोटं कसं सांगू साहेब. त्यानं जायला पाहिजे. इथं फोन धरून उभं राहून काय होणार हाय?” तो माणूस खरंच गेला. खिडकीतून मला तो पळताना दिसला. तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी शेजारच्या बोर्डावरच्या मावशींना सांगितलं, माझ्या आईला फोनमधलं सगळं कळतं.

मग दुपारी जरा उसंत मिळाली आणि तू किल्लारीच्याच बाजूच्या मामाच्या गावाची दोरी लावलीस. गावातला एकच फोन, मामाच्या दुकानात. मी तुझ्या तोंडाकडे बघते आहे. तू डोळे मिटले आहेस. खूप वेळानं तू हेडफोन माझ्या कानाला लावलास आणि म्हणालीस, “ऐक. वाजतंय. म्हंजे असल. लोकांच्या मदतीला बाहेर पडला असल तुझा मामा.” मी ऐकलं, वाजत होतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, कारण तुला फोनमधलं सगळं कळत होतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, हात मोकळा झाला की तू ती दोरी लावायचीस, ऐकायचीस आणि पुन्हा कामाला लागायचीस. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “अगं, जाऊन ये, बोर्ड मी बघते.” तू म्हणालीस, “वाजून राहिलंय ना. उद्या जाते.”

गेलो ते तिसऱ्या दिवशी, बाबा आल्यावर. गावाच्या तोंडाशीच टेलिफोनचा खांब आडवा होता आणि तार मातीत गेलेली. दुकान कुठं होतं तेही दाखवावं लागलं. मामाच्या शेजारचे आजोबा दगडावर बसले होते. त्यांनी तुला ओळखलं आणि सरळ सांगितलं, जपून सांगायचं भानच त्यांना उरलं नव्हतं: “काल सांजच्याला काढला त्याला. बोलत होता की. अक्का आली का म्हून इचारत होता. ट्रॅक्टरमदी घातला, औशाच्या अलीकडंच गेला.” तू पदरानं माझं तोंड पुसलंस, माझं तोंड काही मळलेलं नव्हतं.

मी पुढे काय शिकले हे तू शेजारणींना कधी नीट सांगू शकली नाहीस. “कंप्युटरचं काहीतरी” एवढंच म्हणायचीस. तुझं काही चुकत नव्हतं. इंटरॅक्शन डिझाइन हा शब्द तेव्हा विद्यापीठातल्या अर्ध्या लोकांनाही माहीत नव्हता. बाबा तर म्हणायचे, “बटनं कुठं लावायची ते शिकायला दोन वर्षं? आपल्या गल्लीतला शिंपी सहा महिन्यांत तयार होतो.” पण मला ते शिक्षण मनापासून आवडलं, आई. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, लोकांच्या मागं मागं फिरायचं, माणूस यंत्रापुढे कुठं अडतो, कुठं घाबरतो, कुठं स्वतःला वेडा समजतो ते बघायचं. पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं की वापरणाऱ्याला कधी अंधारात ठेवू नये, यंत्र आत काय करतं आहे ते त्याला सतत कळत राहिलं पाहिजे. मला वाटलं, हे तर माझ्या आईनं खिडकीशी जाऊन त्या हमालाला सांगितलं तेच आहे. मी योग्य ठिकाणी आले आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी वाट बघण्यावर केला. पडद्यावर गोल गोल फिरणारं ते चक्र असतं ना, काम चालू आहे असं सांगणारं, त्याच्यावर. वेगवेगळी चक्रं करून मी लोकांपुढे ठेवली. निघालं ते असं, की काहीतरी हलताना दिसलं की माणूस शांत बसून राहतो. आत काम चालू असो नाहीतर सगळं बंद पडलेलं असो, त्याला फरक पडत नाही. मॅडम म्हणाल्या, उत्तम. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हा विषय सुचला कसा? आणि मी त्यांना मामाची आणि घंटीच्या आवाजाला फसलेल्या माझ्या आईची गोष्ट सांगितली. छान सांगितली. सर चष्मा पुसत होते. त्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले.

लातूरला आल्यावर मी तुला ते कौतुकानं सांगितलं. तू चुलीसारखी आच मोठी ठेवून गॅसवर भाकरी भाजत होतीस. तव्यावरची भाकरी तू उलटायची विसरलीस, ती जळाली. मग गॅस बंद करून तू म्हणालीस, “माझ्या भावाचे किती मिळाले?” मला आधी कळलंच नाही. तू पुन्हा म्हणालीस, “मार्क गं. एकूणातले त्याचे किती?” जेवताना तू इतकंच बोललीस, “मला म्हाईत होतं की, घंटी इकडची हाय ते. तुला कोणी सांगितलं मला म्हाईत नव्हतं म्हून?” त्यानंतर वर्षभरात तू गेलीस आणि ते बोलणं तिथंच राहिलं. मी मात्र इतकी वर्षं कॉलेजात मुलांना तो धडा शिकवत आले. दरवर्षी फळ्यावर लिहिते, वापरणाऱ्याला अंधारात ठेवू नये. मुलं वहीत उतरवून घेतात.

तुझ्या नातीला खरं तर हेच शिकायचं होतं. दहावीच्या सुट्टीत तिनं आपल्या घरातला गॅस, मिक्सर, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांची चित्रं काढून कुठं काय चुकलंय ते लिहिलं होतं. घरातले सगळे म्हणाले, आधी नीट परीक्षा दे, मग बघू. लातूरला जाऊन पोरं डॉक्टर होऊन येतात, हे आपल्याकडे आता पोर बोलायला लागायच्या आधीच ठरलेलं असतं. मी नको म्हणाले नाही आणि हो म्हणाले नाही. तू लातूर बघशील तर ओळखायची नाहीस. जिथं आपण भाजी घ्यायचो तिथंही आता क्लासच्या पाट्या आहेत, पाट्यांवर पोरांचे फोटो, आणि त्यांच्याखालून पाठीवर दप्तर घेतलेली पोरं खाली मान घालून चाललेली असतात.

क्लासचं एक ॲप आहे. पालकांना त्यात मुलीच्या नावापुढे एक ठिपका दिसतो. ती हॉस्टेलात असली की हिरवा, नसली की लाल. फार नेटका केला आहे, माझ्याच विषयातल्या कुणीतरी भाईबंदानं केला असेल. गेल्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, “आई, मी वाचते गं, पण आत काहीच जात नाही. पान उलटते आणि मागचं पान कोरं होतं.” मी म्हटलं, दमली असशील, जरा झोप. ती म्हणाली, “झोपच तर येत नाही.” नंतर ती कमी बोलायला लागली, मग हूं हूं करायला लागली, आणि आता उचलतच नाही. ठिपका हिरवा आहे. मी पोळी लाटताना बघते, वर्गात फळ्याकडे तोंड करून बघते, हिरवा आहे. दाराशी कार्ड टेकवलं की ठिपका हिरवा होतो, एवढंच त्याचं ज्ञान. कार्ड घेऊन आत गेलेली पोर जेवली का, रडते आहे का, पंख्याकडे बघत पडून आहे का, ते त्याला ठाऊक नसतं. हे मला शिकवलेलं आहे. याची मला पदवी आहे.

काल न राहवून मी हॉस्टेलच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “प्रेझेंट हाय की मॅडम. काळजी नका करू.” मी विचारलं, तुम्ही बघितलंत का तिला? “बघूनच तर सांगून राहिले,” त्या म्हणाल्या, “हिरवं हाय ना. तुमच्याकडं न्हाई का दिसून राहिलं?” मी म्हटलं, दिसतंय. त्या म्हणाल्या, “मग?” आम्ही दोघी एकाच ठिपक्याकडे बघत होतो आणि माझी लेक त्यांच्यापासून दोन जिने वर होती. मी त्यांना म्हणायला हवं होतं, बाई, वर जा, दार वाजवा. मी म्हटलं, बरं, ठेवते.

हे म्हणतात, परीक्षा तोंडावर आली आहे, उगीच जाऊन तिचं लक्ष उडवू नकोस, पोरी या वयात रुसतातच. मलाही तसंच वाटून घ्यावंसं वाटतं. आज सकाळी त्यांना न सांगता पिशवी भरली, तिचे दोन ड्रेस, शेंगदाण्याची चटणी, आणि चप्पल घालून निघाले. निघता निघता एकदा फोन लावून बघितला. वाजला. मी स्वयंपाकघरात येऊन टेकले आणि ऐकत बसले. आणि मनात आलं, वाजतंय, म्हणजे असेल. अगदी तुझ्या आवाजात आलं. त्या सकाळी तू दुसऱ्याच्या माणसाबद्दल बोलत होतीस तोवर तुला सगळं कळत होतं. आपलं माणूस आलं आणि तू आवाज धरून बसलीस. मी त्याला अज्ञान समजले आणि त्यावर मार्क मिळवले. तुला भीती वाटत होती, आई. गेलं की कळणार असतं. न जाता ऐकत बसलं तर तो आणखी एक दिवस दुकानात असतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला लिहायला घेतानाच माहीत होतं. तुझ्याशी बोलायचं म्हणून लिहायला बसले असं मी वर म्हटलं आहे, तेही खरं नाही. लातूरची गाडी निघून जावी म्हणून बसले. सकाळची गेली, त्यामागचीही गेली असेल. ठिपका हिरवा आहे. चप्पल अजून पायातच आहे.