आजीचा रकाना

मोखाडा, रविवार

प्रिय आई,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू कट करतेस, म्हणून हे पत्र. शेजारची कमू वाचून दाखवेल. कमू, मध्येच हसायचं नाही आणि काही गाळायचंही नाही.

तुझे नाचणीचे लाडू मी परत केले, तेही तुझ्या नातीच्या, वर्षाच्या हातून, जीप स्टँडवर, तुझ्या गावच्या, पोशेऱ्याच्या सगळ्या बायकांसमोर. आपल्याकडे शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, आणि मी आईचा डबा भरलेला तसाच परत केला. तू एवढंच म्हणालीस, "पोर खाते तं बघवत नाय का तुला?" त्याला आज महिना झाला.

खरी चूक मात्र त्याच्या फार आधीची आणि माझीच आहे. पंधरा वर्षं मी अंगणवाडीत पोरांची वजनं करते. कुणाचं पाव किलो वाढलं तरी टाळ्या वाजवते. वर्षा चार वर्षांची असताना तिला काट्यावर उभी करून सगळ्या आयांना दाखवायचे, पोर असं पाहिजे म्हणून. वजनाच्या तक्त्यावर योग्य वजनाच्या हिरव्या पट्ट्याच्या वरही कागद असतो, हे मला कधी दिसलंच नाही. आता दहाव्या वर्षी ती खो-खोत जरा पळाली की धापा टाकत खाली बसते. जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं की असंच चाललं तर साखरेचा आजार लहानपणीच गाठेल. त्या दिवशी मी फार रडले, आणि त्याच भीतीने तुझा डबा परत धाडला.

तिथल्या आहाराच्या पुष्पलता मॅडम म्हणाल्या की उपचार पोरीवर नाही, अख्ख्या घरावर करायचा. एकटीला ताटावरून उठवायचं नाही, टोचून बोलायचं नाही. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, मोबाइल बाजूला ठेवून. सगळ्यांनी संध्याकाळी चालायचं. आणि कोणी काय खाल्लं ते भिंतीवरच्या कागदावर लिहायचं, ज्याचा त्याचा रकाना.

तुझ्या जावयाने आधी सांगून पाहिलं की ड्रायव्हर माणसाला हे लागू नाही. मग वर्षाला जीपच्या सीटखाली फरसाणाची पुडी सापडली. तिने बाबांच्या रकान्यात लाल फुली मारली, आणि सहा फुटी रमेश मान खाली घालून उभा. मीही काही सुटले नाही. अंगणवाडीतल्या खिचडीची मी चव घेते, ती दिवसाला पाच वेळा घेते हे लिहिताना कळलं. वर्षाने विचारलं, मीठ पाचव्यांदा तरी कळलं का?

चालण्याची तर वेगळीच गंमत. जीपवाला बायकोपोरीसह पायी निघालेला पाहून येणारीजाणारी प्रत्येक गाडी थांबते आणि काय बिघडलं म्हणून विचारते. रमेश लाजून सांगतो, "क्लच गेला." तीन आठवडे त्याचा क्लच गेलेलाच आहे. पण वर्षा आता चढावरच्या वडापर्यंत न थांबता जाते.

मॅडमना मी तुझ्या लाडवांचं सांगितलं तेव्हा त्या मलाच रागावल्या. म्हणाल्या, बंद काहीच नाही, एक लाडू सगळ्यांनी मिळून खावा, आणि आजीला घराबाहेर ठेवून हा उपचार होतच नाही. आई, माझं चुकलं. तुझ्या लाडवांनी नाही, माझ्या टाळ्यांनी पोर तिथवर गेली.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. त्या कागदावर वर्षाने चौथा रकाना आखलाय, आजीचा. ती रोज त्यात लिहायची, "आली नाही." आजी आपल्या जाडेपणामुळे रुसली, असं तिच्या डोक्यात बसलंय. काल तिने तो रकाना कोराच सोडला. मी विचारलं, तर म्हणाली, "आता काय लिहायचं?" म्हणून आज लिहायला बसले. पुढच्या बाजाराला ये. तोच डबा घेऊन ये, आणि संध्याकाळी वडापर्यंत आमच्यासोबत चल. तुझ्या पायांना तो चढ म्हणजे काहीच नाही. तुझ्या रकान्यात "आली" लिहायला पेन्सिल वर्षाने कागदापाशीच दोरीने बांधून ठेवली आहे.

तुझ्या डब्याची आणि तुझी वाट बघणारी,
तुझीच प्रेमा