अंगाऱ्याची पुडी

९ एप्रिल
कॉपी केस! माझी! अक्षता परबची!

ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. सुपरवायझर बाईंनी माझा पाऊच तपासायला घेतला. आत आईने ठेवलेली गावच्या देवीच्या अंगाऱ्याची पुडी. "हे काय?" म्हणून उघडली, तर अंगारा सगळा उत्तरपत्रिकेवर सांडला आणि बाई कागदच बघत राहिल्या. माझंच अक्षर. माझ्या जुन्या वहीचं फाडलेलं पान, दोन्ही बाजूंनी रिअ‍ॅक्शन्स. आईने रद्दीतून घेतलं असणार. तिला इंग्रजी कुठे वाचता येतं! आणि मी शहाणी, दहावीपासून प्रत्येक परीक्षेला पुडी नेते, कधी नीट बघितली नाही.

पेपर काढून घेतला. फॉर्मवर सही घेतली. मुलं माना वळवून बघत होती.

घरी आले तर आई दारातच. "कसो गेलो पेपर?" — "बरा गेला."

१० एप्रिल
सांगितलं नाही. सांगणारही नाही. बाबांच्या छातीत दुखलं त्या दिवशी तिने आधी ओवा दिला, मग रिक्षा बोलावली. बाबांना जाऊन दहा महिने झाले, अजून भांडी घासताना स्वतःशी म्हणते, "मीच उशीर केलंय." त्यात आता हे? नको.

१९ एप्रिल
कमिटीचं पत्र आलं. ६ मेला हजर राहा.

पार्ल्याला नमिता मॅडमकडे गेले. बारावीला त्यांनी केमिस्ट्री शिकवली. रिटायर होण्याआधी त्या अशाच एका कमिटीवर होत्या. सगळं ऐकून घेतलं, पत्र दोनदा वाचलं आणि स्वतःच माझा खुलासा लिहायला बसल्या.

म्हणाल्या, "कागद विषयाचा, सापडला तुझ्याजवळ. नियमाने तू दोषीच. पण आई येऊन म्हणाली की पुडी मी बांधली, तर ऐकतात गं. एक पेपर जाईल, वर्ष वाचेल. तिला घेऊन ये."

मी म्हटलं, आई येणार नाही.

"येणार नाही, की तू आणणार नाहीस?"

रडले. मॅडमच्या सोफ्यावर बसून, लाज सोडून.

५ मे
नोकरी पक्की झालेल्या पवईच्या लॅबचा मेल — जूनमध्ये रुजू होताना मार्कशीट आणा. मॅडमचाही फोन, "अजून वेळ आहे, अक्षता." आई लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. दोनदा तोंड उघडलं. मिटलं.

६ मे
लांब टेबल, तीन जण. पुडी कोणी बांधली? मी. कागदावर काय आहे ते माहीत होतं? हो.

सात मिनिटांत बाहेर! मॅडमचा खुलासा पर्समध्येच राहिला. त्या एवढ्या उन्हात गेटवर थांबल्या होत्या. माझं तोंड बघून समजल्या. ओरडल्या नाहीत, उसाचा रस पाजला. ते जास्त लागलं.

२३ मे
निर्णय आला. पूर्ण परीक्षा रद्द, वर्षभर बसायचं नाही. पवईची नोकरी गेली. आता लपवणार तरी काय? जेवताना आईला सांगितलं — कॉपी करताना पकडले मला.

हात थांबला तिचा. "कागद खंय होतो?"

पाऊचमध्ये, म्हटलं.

ताटावरून उठून गेली.

२७ मे
बोलत नाही. वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. साहजिक आहे, मुलगी चोर निघाली! पण राग येतो. जिच्यासाठी वर्ष घालवलं तीच तोंड फिरवते. सांगून टाकू का सगळं? बाबा गेले तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा आई होती.

२८ मे
सकाळी आई चहा घेऊन शेजारी बसली. कप दिलाच नाही, धरून राहिली. "तो कागद मीच फाडलेलंय ना गो? पाच दिस वाट बघतंय, तू माझ्यार कधी ओरडतलस. ओरड मगे एकदा."